दोन हाकांचं अंतर

कुणीही कुणालाही हाक मारली, की माझ्या तोंडून ‘ओ’ निघते. नाव माझं असो वा नसो. भाजीवाल्याने पलीकडच्या गल्लीतल्या गिऱ्हाइकाला हाक मारली तरी मी मान वर करून ओ देतो आणि मग खजील होतो. बायकोला आता सवय झाली आहे. पुण्यातल्या गोल्फच्या मैदानावर मी पंधरा वर्षं कॅडी होतो, तिथल्या बाकीच्या कॅडींना मात्र हा फुकटचा तमाशा होता. “अहो पावणं, तुमाला न्हाई, कँटीनवाल्याला बोलावलंय,” असं म्हणून सगळे खिदळत. एकदा आमचे साहेब ऐन फटका मारायच्या बेतात असताना लांब कुणीतरी कुणाला तरी हाकारलं आणि मी खणखणीत ओ दिली. चेंडू थेट तळ्यात गेला. साहेब पुढचे दोन होल माझ्याशी बोलले नाहीत.

ही खोड मला का लागली ते मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. सांगायला निघालो की गोष्ट त्या यंत्रापाशी येते, म्हणून तिथूनच सांगतो.

कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी उचलणारा, एवढंच लोकांना ठाऊक असतं. पिशवी गाढवही उचलेल. कॅडीचं खरं काम अंतर सांगण्याचं. चेंडू पडलाय तिथपासून झेंड्यापर्यंत किती यार्ड आहेत, यावर पिशवीतली कुठली काठी काढायची ते ठरतं. मैदानात झेंड्यापासून दीडशे यार्डांवर एक पांढरा खांब रोवलेला असतो. नवा कॅडी त्या खांबापासून पावलं मोजत येतो. मला त्याची गरज कधी पडली नाही. मी नुसतं बघून सांगायचो, “एकशे अडतीस.” कुणी शंका काढली तर म्हणायचो, मोजा. मोजल्यावर एकशे सदतीस नाहीतर एकशे एकोणचाळीस निघायचं. फटका चुकला की खेळणारे अंतराला बोल लावतात, नाचता येईना अंगण वाकडं, तसं. पण मी ते कधी ऐकून घेतलं नाही. भल्या भल्या माणसांना मी तोंडावर सांगितलं आहे की अंतर बरोबर होतं, तुमचा खांदा वाकडा फिरला.

अंतराच्या बाबतीत मी कुणाची भीड ठेवत नाही. आमच्याकडे, भीमाशंकराजवळ तळेघरच्या बाजूला, कुणाला रस्ता विचारला की तो म्हणतो, “ह्ये काय, हितंच.” मग तुम्ही दोन टेकड्या चढता, एक ओढा ओलांडता, आणि दुसरा भेटतो तोही म्हणतो, हितंच. एसटी दिवसातून दोनदा, तीही आली तर, त्यामुळे सगळं आयुष्य पायी. जरा नेमकं सांगायचं झालं तर लोक हाकेत सांगतात. एक हाक म्हणजे इथून ओरडलं की तिथल्या माणसाला शब्द कळतात एवढं. दोन हाका म्हणजे पहिल्या हाकेने तो नुसता मान वर करतो आणि दुसरीला त्याला शब्द कळतात. हे माप मला लहानपणापासून आवडायचं नाही. वारा फिरला की माप फिरतं. त्यापेक्षा यार्ड बरा.

साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर होते. सत्तरी ओलांडलेली. आयुष्यभर दुर्बिणी लावून कालवे आणि धरणं मोजलेला माणूस. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा अंतर मोजायची यंत्रं हातात घेऊन खेळायला आमच्या मैदानावर परवानगी मिळाली. साहेबांच्या भाच्याने अमेरिकेतून येताना दोन यंत्रं आणली. एक ठेवा, दुसरं मी परत नेतो, असं तो म्हणाला होता. साहेबांनी ती दोन्ही माझ्यासमोर बाकावर ठेवली, म्हणाले, “तू निवड.”

मला ते झोंबलं. मी म्हटलं, “माझा डोळा बिघडला का, साहेब?”

“तुझा डोळा बिघडलेला नाही. तू सांगतोस ते बरोबरच असतं. पण कशावरून बरोबर ते मला दिसत नाही. मला आकडा बघायचाय.”

इंजिनिअर माणूस, काय बोलणार. मी गुमान कामाला लागलो.

पहिलं यंत्र लेसरचं. दिसायला आखूड दुर्बीण. डोळ्याला लावायचं, झेंड्यावर नेम धरायचा, बटण दाबायचं, की आतच आकडा उमटतो. त्यात चढ-उताराचीही सोय होती. सरळ अंतर एक आणि चढ धरून दुसरं, असे दोन आकडे यायचे. दुसरं यंत्र उपग्रहाचं, मोबाइलएवढं. त्याला नेम धरावा लागत नाही. पण त्याच्या पोटात आमच्या मैदानाचा नकाशा नव्हता. म्हणजे प्रत्येक हिरवळीच्या मधोमध जाऊन उभं राहायचं आणि ‘ही जागा लक्षात ठेव’ असं त्याला शिकवायचं. मग ते कुठूनही त्या जागेचं अंतर सांगतं, तीन-चार यार्ड इकडेतिकडे. सकाळी चालू केलं की उपग्रह सापडेपर्यंत दहा मिनिटं स्वस्थ. मी दोन दिवस फिरून त्याला अठराही होल शिकवले.

साहेबांचा जीव लेसरवर जडला होता. दुर्बीण हातात आली की ते पस्तीस वर्षांनी तरुण व्हायचे. पण त्यांचा हात थरथरायचा. झेंड्याची काठी ती केवढी. नेम हलायचा, किरण मागच्या झाडावर जायचा आणि एकशे चाळीसच्या जागी एकशे नव्वद यायचे. मग साहेब मोठी काठी काढायचे आणि चेंडू कुंपणाबाहेर. “यंत्रात काहीतरी दोष आहे,” असं म्हणायचे. तिसऱ्या वेळी मला राहवलं नाही. मी म्हटलं, “यंत्र बरोबर आहे, साहेब. तुमचा हात हलतो.” ते माझ्याकडे बघत राहिले. सगळ्यांनी आजवर त्यांच्यापासून लपवलेली गोष्ट मी झाडाखाली उभं राहून सांगून टाकली होती. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण अंतर म्हणजे अंतर.

शेवटी त्यांनी उपग्रहाचंच घेतलं, हे आत्ताच सांगून मोकळा होतो. मीच तसं सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. पण त्याआधी एक सकाळ आली.

डिसेंबर होता. पुण्यात क्वचित पडतं तसं दाट धुकं मैदानावर उतरलं होतं. झेंडा दिसत नव्हता. साहेब म्हणाले, बघ लावून. मी लेसर डोळ्याला लावला, झेंडा जिथे असायला हवा तिकडे रोखला, बटण दाबलं. आकडा आला नऊ. पुन्हा दाबलं. सात.

“धुक्यात हे धुकंच मोजतं,” साहेब म्हणाले. “किरण पुढे जातच नाही.”

मी यंत्र खाली केलं. आणि तेवढ्यात पलीकडून, त्या पांढऱ्या भिंतीतून, कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. नेहमीसारखी माझी ओ यायला हवी होती. त्या दिवशी आली नाही. पायाखालचं गवत मला भातखाचरातल्या चिखलासारखं मऊ लागायला लागलं. साहेबांनी माझा दंड धरला आणि मला बाकावर बसवलं. त्यांचा तो थरथरणारा हात माझ्या दंडावर होता आणि थरथरत मी होतो.

आता ते सांगतो.

आईचं माहेर मढचं, माळशेजच्या वाटेवरचं. तिथे पावसाळ्यात चार-चार दिवस समोरचं माणूस दिसत नाही. तिथून ती लग्न होऊन तळेघरच्या बाजूला आली, म्हणजे एका धुक्यातून दुसऱ्या धुक्यात. येताना एक नियम घेऊन आली. तो तिने आम्हा दोघा भावांना भाताच्या घासाबरोबर भरवला. “धुक्यात नावानं हाक आली तर लगेच ओ द्यायची न्हाई. पयलीला गप. दुसरीला गप. तिसरी आली तरच ओ द्यायची. माणूस तीनदा बोलावतं. ते दोनदाच बोलावतं.” ते म्हणजे कोण, हे तिने कधी सांगितलं नाही. चकवा म्हणा, आणखी काही म्हणा. पहिल्या हाकेला ओ दिलेली माणसं कशी चालत गेली आणि कशी परत आली नाहीत याच्या गोष्टी मात्र तिच्याकडे होत्या. आमच्याकडे सगळेच हा नियम पाळत. पाळतात म्हणून धुक्यात हाक मारणाराही तीनदा मारतो. नियम दोन्हीकडून होता.

नव्वद सालानंतरचा तो दुसरा की तिसरा पावसाळा. आई जाऊन वर्ष झालं होतं. घरात दादा, वहिनी आणि मी. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो मला नावाने हाक मारत नसे, बारक्या म्हणायचा. मी सव्वीस वर्षांचा घोडा झालो होतो तरी बारक्याच. तसं आमच्याकडे प्रत्येक घरात एक बारक्या असतोच.

श्रावणातला सोमवार होता. वाडीतली निम्मी माणसं भीमाशंकरला गेलेली, कुणी दर्शनाला, कुणी बेल-फुलं विकायला. दुपारी म्हैस दावं तोडून गेली म्हणून दादा तिच्या मागे गेला. वहिनी घरात चुलीपाशी होती. मी घराखालच्या खाचरात बांधाला खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवत होतो. ती बुजवली नाहीत तर सगळं पाणी वाहून जातं आणि भात उघडा पडतो. धुकं एवढं की बांधाचं दुसरं टोक दिसत नव्हतं.

हाक आली. “बारक्याऽऽ.”

लांबून आली आणि कानाशी आली, दोन्ही एकदमच. मी हातात चिखलाचा गोळा घेऊन उभा राहिलो. आवाज दादाचा होता. पण आई म्हणायची, ते ओळखीच्याच आवाजात बोलावतं. मी गप.

थोड्या वेळाने दुसरी आली. “बारक्या रंऽऽ.” ही जरा खालच्या आवाजात. मी गप. आता तिसरी येईल, मग ओ देऊ, म्हणून मी वाट बघत राहिलो. किती वेळ ते मला आजही सांगता येत नाही. ओढ्याचा आवाज येत होता. तिसरी आली नाही. म्हणजे ते तेच होतं, असं मनाशी म्हणालो, आईला मनातल्या मनात नमस्कार केला आणि हातातला चिखलाचा गोळा भोकात दाबला.

दिवस मावळायला म्हैस आपली आपण घरी आली. दादा आला नाही.

म्हैस नेहमी भीमाशंकरच्या रानाकडे पळायची, म्हणून सगळी माणसं तिकडे शोधायला गेली. मीही गेलो. दोन दिवस आम्ही हाका मारत फिरलो, प्रत्येक ठिकाणी तीन-तीनदा. मी दोन हाका ऐकल्या आहेत, हे मी कुणाला सांगितलं नाही. पहिल्या रात्री सांगितलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मग ओ का नाही दिलीस? दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तर विचारलं असतं, काल का नाही बोललास? तिसऱ्या दिवशी खेकडी धरायला गेलेल्या माणसाला दादा सापडला. रानात नाही. आमच्याच खाचरापलीकडे ओढा, ओढ्यापलीकडे चढ आणि चढाच्या वर काळा कातळ आहे, त्या कातळाच्या पायथ्याशी. वरून पाय घसरला होता. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार आहे, पण पडल्यावर थोडा वेळ तरी शुद्धीत असावा.

शुद्धीत होता, हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

त्या वर्षीच मी पुण्याला निघून आलो. वहिनीने शेत सोडलं नाही. दादा सापडला त्या जागी तिने एक मोठा दगड उभा करून ठेवला. दर दिवाळीला ती त्याला चुना फासते. मी सणासुदीला घरी जायचो, खाचरात कामही करायचो, पण ओढ्यापलीकडे तोंड करून कधी उभा राहिलो नाही. मनात एकच गोष्ट घट्ट धरून ठेवली होती. ती जागा लांब होती. हाक लांबून आली होती. दोन हाकांच्याही पुढची. मी ओ दिली असती, धावत सुटलो असतो, तरी धुक्यात तिथवर पोहोचलोच नसतो. जगाला यार्डा-यार्डाचा हिशेब सांगणारा मी, पण त्या एका जागी माझा डोळा लाचखाऊ होता. दर वर्षी तो दगड माझ्या मनात आणखी थोडा लांब जायचा. दुरून डोंगर साजरे म्हणतात, मला तो दुरूनच हवा होता.

आणि धुक्याच्या त्या सकाळी बाकावर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, की हे मोजता येतं. दुर्बीण माझ्याच मांडीवर होती.

मी साहेबांना म्हटलं, “हे दोन दिवस गावी नेऊ द्या. चढ-उताराचे आकडे खरे येतात का ते डोंगरात बघतो. इथल्या सपाटीवर काय कळणार?” खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग स्वतःच्या हाताने यंत्र पाकिटात घातलं, बंद करायला त्यांना वेळ लागला, आणि म्हणाले, “तुला हवंय तेवढं मोजून ये.”

मंचर, घोडेगाव, पुढे तळेघर, आणि तिथून पायी. पोहोचलो तेव्हा दुपार होती. पीक निघालेलं, खाचरात नुसती धसकटं, हवा धुतल्यासारखी स्वच्छ. वहिनी नागली पाखडत होती. “भावजी, असे अचानक?” म्हणाली. मी म्हटलं, साहेबांचं काम आहे, यंत्र तपासायचंय. पाणी प्यायलो आणि खाली खाचरात गेलो.

भोक बुजवत होतो ती बांधाची जागा मला शोधावी लागली नाही. तिथे उभा राहिलो आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा ओढ्याकडे तोंड केलं. चुना फासलेला दगड उन्हात चमकत होता. लेसरला असंच काहीतरी पांढरं हवं असतं. यंत्र डोळ्याला लावलं. साहेबांच्या हाताला नावं ठेवणारा मी, पण नेम दगडावर टिकेना. शेवटी गुडघ्यावर बसलो, कोपर मांडीवर टेकवलं आणि बटण दाबलं.

एकशे त्रेचाळीस. चढ धरून एकशे बावन्न.

पुन्हा दाबलं. तेच. एकशे त्रेचाळीस यार्ड म्हणजे तरण्या खेळाडूचा आठ नंबरच्या काठीचा फटका. दीडशेच्या पांढऱ्या खांबाच्याही अलीकडे. इतक्या वर्षांत हे अंतर मी हजार वेळा लोकांना सांगितलं असेल, आणि पिशवी खांद्यावर घेऊन, बिडीचे चार झुरके मारत, चाललोही असेन. पण किरण सरळ जातो, माणसाला ओढ्यात उतरून चढावं लागतं. म्हणून मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि चालायला लागलो. बांध, उतार, ओढ्यातले दगड, चढ. दगडाला हात लावला तेव्हा चार मिनिटंही झाली नव्हती. धावत नव्हतो. धुक्यात चाचपडत आलो असतो तर दहा धरा.

मी तिथेच बसलो. रडू आलं नाही. जागा हाकेच्या आत होती. एका हाकेच्या आत. त्याला माझी ओ ऐकू आली असती, निदान तेवढं तरी झालं असतं. कुणीतरी येतंय एवढं त्याला कळलं असतं.

मागून पावलं वाजली. वहिनी ओढा ओलांडून येत होती, हातात पाण्याचा तांब्या.

“काय मोजताय, भावजी?”

चौदा वर्षं जे गिळलं होतं ते मी त्या दगडाला टेकून सांगून टाकलं. आईचा नियम, चिखलाचा गोळा, दोन हाका, न आलेली तिसरी. सांगताना तिच्याकडे बघितलं नाही. माझं झाल्यावर ती दगडापाशी बसली. तांब्या खाली ठेवला. दगडाला एका बाजूने चुन्याचा पोपडा सुटला होता, तो नखाने काढत राहिली.

मग म्हणाली, “मलाबी आल्या व्हत्या.”

मला कळलं नाही.

“हाका. चुलीपाशी बसले व्हते. दोनदा आली. बारक्या म्हनून.” तिने पोपडा काढून टाकला. “मी म्हनलं, भावजींना बोलावत्यात, भावजी देतील ओ. तिसरीला तरी देतील. तुमची ओ काय ऐकू आली न्हाई. मंग मीबी उठले न्हाई.”

म्हणजे तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. मी रानात गळा फाडून हाका मारत फिरत होतो तेव्हा तिला ठाऊक होतं, मी दिवाळीला पिशव्या भरून आणायचो तेव्हा ठाऊक होतं. तिने मला एकदाही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिला स्वतःचंही सांगावं लागलं असतं. एकाच घरात एकाच गोष्टीवर आम्ही दोन झाकणं लावून बसलो होतो.

“किती भरलं?” तिने विचारलं.

मी यंत्राची काच पुसत राहिलो. तिने यंत्राकडे बोट दाखवलं. “घरापासनं मोजा.”

“कशाला, वहिनी?”

“मोजा म्हनते ना.”

आम्ही दोघं ओढा उतरून परत आलो. घरात जाऊन ती चुलीपाशी त्या जागी बसली, आणि मला म्हणाली, उंबऱ्यात उभं राहून बघा, चूल काय दोन पावलांवर आहे. मी चौकटीला खांदा लावला. या वेळी नेम हलला नाही. एकशे एक्याऐंशी. पुन्हा दाबलं, एकशे एक्याऐंशी. मी आकडा वाचला आणि यंत्र डोळ्याला तसंच लावून ठेवलं. ते खाली केलं की ती माझा चेहरा बघणार होती.

“किती?” मागून आवाज आला.

“तीनशे,” मी म्हटलं.

“म्हंजी लांब हाय का?”

“लई लांब. तीन हाकांच्या वर. एवढ्या लांबचं, त्यातून धुकं... माणसाला ऐकूच येत न्हाई, वहिनी. तुम्हाला भास झाला असंल.”

पुण्यात अठरा होल, चौदा वर्षं, एक यार्ड कधी इकडचा तिकडे केला नव्हता. यंत्र पाकिटात घालताना मला चेन लावता येईना.

वहिनीने चुलीत एक लाकूड सारलं. मग माझ्याकडे बघून अगदी सावकाश म्हणाली, “तीनशेवरनं ऐकू येत न्हाई म्हनता?”

“न्हाई येत.”

“मग तुमालाबी आली नसंल,” ती म्हणाली, आणि तिने चहाचं आधण ठेवलं.